अगं, आधी बैल काढ!

मूर्तीवरून पेन्सिलीनं एक अभ्यासचित्र काढून आणायला सांगितलंय, आणि तुझ्या मनात पहिल्यांदा आला तो जामसांवलीचा मारुतीराया. साहजिक आहे गं. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला मूर्ती म्हटलं की दुसरं काय आठवणार? पिंपळाखाली निजलेला, अंगभर शेंदूर ल्यालेला, लहानपणापासून घरच्यांचं बोट धरून बघितलेला. पण कागद पुढ्यात घेतला आणि हात थांबला, होय ना? सुरुवात कुठून करू, नाक वाकडं आलं तर पाप लागेल का, बघणारे काय म्हणतील, आणि घरात एवढी कामं पडलेली असताना हे काढत कुठं बसू. सगळं एकदमच अंगावर आलंय तुझ्या. बस जरा. एकेक सोडवू.

पापाचं आधी सांगते, कारण तेवढ्यासाठी तू पेन्सिल खाली ठेवशील. बघ, मूर्तिकार दगडाला छिन्नी लावण्याआधी त्याच्यावर रेघाच मारतो. गेरूनं मारतो, चुकली की पुसतो, परत मारतो. देवाचं नाक त्याच्या हातूनही आधी रेघेतच असतं, आणि ती रेघ काही पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही. मग तुझ्या कागदावरच्या वाकड्या रेघेला देव का रागवेल? श्रद्धेनं, मन लावून बघतेस ना? झालं तर मग. हा विषय आता परत काढायचा नाही.

तुझी खरी अडचण दुसरीच आहे. तू मनात देव्हाऱ्यात लावायचं चित्र धरून बसली आहेस. चेहरा प्रसन्न हवा, मुकुट नीट हवा, गदा चकाकायला हवी. हे ते चित्र नव्हे. मूर्तीचा अभ्यास करायचा म्हणजे तिची गोलाई कुठं फिरते, वजन कुठं टेकलंय, उजेड कुठून येतो आणि कुठं संपतो, एवढंच कागदावर शोधायचं. चित्र सुंदर दिसलं तर बरंच, नाही दिसलं तरी तुझा डोळा तयार होतो. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं, जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. तिथं मुलांना पुढं काय बसवत असत, माहीत आहे? ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती, विलायतेहून आणलेल्या. पांढराशुभ्र पुतळा, बाजूनं उजेड, आणि पोरं तासन्‌तास पेन्सिल घेऊन समोर. जिवंत माणूस समोर बसवून काढण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन आल्यावर, 1920 च्या आसपास नीट सुरू झाला. तोवर माणसाचं अंग शिकायचं ते पुतळ्यावरूनच. कारण अगदी साधं आहे. पुतळा हलत नाही, कंटाळत नाही, पाणी प्यायला उठत नाही. शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचं दुसरं काय असणार?

त्याच शाळेत गणपतराव म्हात्रे नावाचा मुलगा शिकत होता. विद्यार्थी असतानाच, 1896 च्या सुमाराला, त्यानं ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली आपली मराठी बाई. कुठं तरी त्याचं छायाचित्र मिळालं तर लुगड्याच्या चुण्यांकडे बघत बस. कापड कुठं अंगाला चिकटलंय, कुठं सुटलंय, आतल्या पायाचा आकार कापडातून कसा कळतो. ग्रीक पुतळे गिरवणाऱ्या शाळेतल्या पोरानं ते शिक्षण आपल्या घरातल्या लुगड्यावर आणून उतरवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुलाही तेच करायचंय. शिकायचं जगाकडून, काढायचं आपलं.

आता माझं ऐकणार असशील तर मारुतीरायाला चार दिवस थांबू दे. आधी बैल काढ.

हसू नकोस. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे ना घरात? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार चालते त्याच दिवशी, पोरं ज्याला सजवून घरोघरी बोजारा मागायला नेतात, तो. वर्षभर माळ्यावर नाहीतर कपाटावर पडलेला असतो. तो शिल्पच आहे गं, सुताराच्या हातचं. आणि शिकायला फार चांगलं, कारण त्यात भानगडी कमी. अंगाचा एक मोठा ठोकळा, वर वशिंडाचा उंचवटा, मानेचा उतार, चार सरळ पाय, खाली चाकं. धूळ पूस, झूल-घुंगरू काढून ठेव आणि उघडाच पाटावर ठेव. पाट स्टुलावर चढव, म्हणजे बैल डोळ्यांच्या रेषेत येईल. एकाच खिडकीचा उजेड घे. खोलीतली ट्यूबलाइट बंद कर, हे विसरू नकोस, कारण दोन बाजूंनी उजेड पडला की सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि मग गोलाई दिसतच नाही.

सामान फार लागत नाही, उगाच दुकान घरी आणू नकोस. एचबी, टूबी, फोरबी आणि एक सिक्सबी, एवढ्या पेन्सिली पुरे. साधा कार्ट्रिज कागद, एक बोर्ड, दोन क्लिपा. शार्पनर बाजूला ठेव आणि ब्लेडनं पेन्सिल तास. शिसं बोटाच्या पेराएवढं लांब निघू दे, म्हणजे टोकानं बारीक रेघही मारता येते आणि आडवी धरून रुंद छटाही भरता येते. खोडरबर दोन असू देत. एक नेहमीचा, आणि एक मळता येतो तो मऊ रबर. मऊ रबरानं घासायचं नाही, नुसतं दाबून उचलायचं. काळेपणा हळूच कमी होतो. आणि बोटानं छटा पसरवायची सवय लावून घेऊ नकोस बाई. बोटाला तेल असतं, स्वयंपाकघरातून उठून आलेल्या बोटाला तर जास्तच, आणि तो डाग पुढं कशानं निघत नाही. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवलास की चित्र फरफटणार नाही.

बस आता. लगेच शिंगं काढायला घेऊ नकोस, सगळ्यांचा हात आधी तिथंच जातो. पेन्सिल धरून हात सरळ ताठ कर, एक डोळा मीट, आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घे. बैलाची उंची लांबीत किती वेळा बसते? डोकं अंगात किती वेळा? कागदावर ही मापं अगदी फिकट खुणांनी घे. गवंड्याचा ओळंबा आठवतो? दोऱ्याला किल्ली बांध आणि तसाच समोर धर. वशिंडाच्या टोकावरून सोडलेला दोरा खाली कुठल्या पायाशी येतो, ते बघ. आपल्याला वाटतं तिथं तो कधीच येत नाही, आणि तिथंच चित्राची गंमत सुरू होते. मग डोळे किलकिले कर. बारीकसारीक सगळं विरघळतं आणि दोनच गोष्टी उरतात, उजेड आणि काळोख. काळोखाचा तेवढा आकार फिकट भरून टाक. बस, बैल उभा राहिला की नाही बघ.

त्यानंतर जवळ जाऊन नीट न्याहाळ. वशिंडाच्या ज्या बाजूला खिडकी आहे तिथं लाकूड जवळजवळ कागदाइतकं उजळ आहे. गोल फिरून मागं जाताना छटा वाढत जाते, एका पट्ट्यात सगळ्यात गडद होते, आणि अगदी कडेला येऊन पुन्हा थोडी फिकट होते. तो शेवटचा फिकटपणा पाटावरून उलटून आलेल्या उजेडाचा. त्याच्याही पलीकडे वशिंडाची सावली पाठीवर पडलेली आहे, तिची कड वशिंडापाशी धारदार आणि पुढं जाता जाता मऊ. हे एवढ्याशा वशिंडात दिसलं ना, की तू जगातला कुठलाही पुतळा काढू शकतेस. खरंच सांगते. ग्रीकांचा असो, नाहीतर वेरूळचा.

बैल जमला की चेहऱ्याकडे ये. आपल्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे असतात, घरात नसले तर काकू-मावशीकडे असतील. सण झाल्यावर, ठेवणीत जाण्याआधी मागून घे, आणि का हवाय तेही सांग. मुखवट्याला केस नाहीत, मान नाही, भाव ठरलेला. म्हणून कपाळाचा सपाटपणा, भुवईखालची खोबण, नाकाची दोन्ही अंगं, ओठाखालची छोटी सावली हे सगळं सुटं सुटं दिसतं. पितळी असेल तर चकाकीनं गोंधळशील, मातीचा नाहीतर प्लॅस्टरचा असेल तर सोपं जाईल. डोळे रंगवलेले असतात, त्यांच्या मागं लागू नकोस. बुबुळ काढण्याआधी डोळ्याचा गोळा खोबणीत बसवायला शीक.

आता ये मारुतीरायाकडे. बघ, जामसांवलीची मूर्ती अवघड का वाटते तुला? कारण तिथं रेघच नाही. तेलात कालवलेल्या शेंदराचे लेप वर्षानुवर्षं चढत गेले की दगडाची प्रत्येक धार बुजते. पांघरूण घेऊन निजलेल्या माणसासारखं होतं ते, आत कोण कसा निजलाय ते वरच्या उंचवट्यांवरूनच ताडायचं. वणीच्या सप्तशृंगीचं ठाऊक असेल तुला. 2022 मध्ये देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच उतरवलं आणि लोकांनी इतकी वर्षं पाहिलेल्या रूपाच्या आतलं मूळ कोरीव रूप समोर आलं. शेंदराच्या आत शिल्प असतं, हे डोक्यात ठेवून बघायचं. आणि रेघ नाही म्हणूनच ही मूर्ती शिकवते जास्त. रेघेवर विसंबायची सोय नाही, सगळं छायाप्रकाशानंच सांगावं लागतं.

शेंदराचा रंग डोळ्यांत भरतो, पण पेन्सिलीला रंग कळत नाही. भगवा-लाल शेंदूर करड्यात उतरवायचा झाला तर मधली छटा येते, ना फार काळी, ना फार फिकट. नवख्या हाताला तो भडक दिसतो म्हणून तो गडद करत सुटतो आणि मूर्ती कोळशाची होते. सबंध अंगाला आधी एकसारखी हलकी छटा दे, मग सावल्या चढव. तेलामुळे मधूनच चमकणारे ठिपके दिसतील. तिथं कागद कोराच ठेव. फुलांचे हार, वस्त्र, चांदी यांत अडकू नकोस. हार कुठून कुठं गेलाय एवढी एक वळती रेघ पुरे. तीच रेघ छातीची गोलाई सांगते.

निजलेल्या मूर्तीची दुसरी गोम मापाची. उभ्या मूर्तीला डोक्यापासून पायापर्यंत मोजत जाता येतं. निजलेलीकडे तू पायाच्या बाजूनं बघितलंस तर पावलं मोठी आणि डोकं लहान, डोक्याच्या बाजूनं बघितलंस तर सगळं उलट. तुझं मन म्हणेल, छे, असं कसं, देवाचे पाय एवढे मोठे? मनाचं ऐकू नकोस, पेन्सिलीच्या मापाचं ऐक. सुरुवातीला मात्र आडव्या बाजूनं बघून काढ, संपूर्ण लांबी नजरेत येईल अशा जागेवरून. आधी एक लांबट चौकट आख, लांबीत रुंदी किती वेळा बसते ते ठरव, आणि तिच्यात वरची चढउताराची एकच रेषा काढ. कपाळ, खांदा, पोट, गुडघा, पावलाचं टोक. आपला जामसांवलीचा, खुलताबादचा भद्रा मारुती, प्रयागराजचा निजलेला हनुमान, तिघेही याच रीतीनं काढता येतील. अजिंठ्याच्या 26 नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचा बुद्ध निजलाय, सुमारे सात मीटर लांब. कधी गेलीस तर तिथं याच हिशोबानं बस.

पण जामसांवलीच्या गाभाऱ्यात वही काढून बसायचं नाही हं. दर्शनाच्या रांगेत लोक लांबून आलेले असतात, नाभीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून घ्यायला ताटकळत असतात. मंगळवार-शनिवार तर विचारूच नकोस. 2023 मध्ये तिथल्या ‘हनुमान लोक’ प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून तर येणंजाणं आणखी वाढलंय. आठवड्यातल्या दुसऱ्या कुठल्या वारी जा, पुजाऱ्यांना नमस्कार करून सरळ विचार, अमुक कामासाठी बघायचंय, लांब उभी राहू का. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. नीट दर्शन घे, मोठे आकार मनात पक्के कर, बाहेर येऊन झाडाखाली बसून आठवणीनं काढ. पुन्हा आत जा, पुन्हा बघ, काय राहिलं ते तपास. सीमेपलीकडे महाराष्ट्रातली पोरं शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी स्मरणचित्र गिरवतात आणि तुला वाटतं आपण मागं राहिलो. ही तुझी स्मरणचित्राची शाळा समज, आणि ती काही कमी प्रतीची नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. तिथं मनानं आजारी माणसं येतात, घरचे त्यांना घेऊन दिवसचे दिवस राहतात. कुणी घुमत असतं, कुणी रडत असतं. त्यांच्याकडे वही वळवायची नाही, मोबाइलही नाही. मूर्ती तुझ्यासाठी पडून आहे, ती माणसं नाहीत.

उघडा दगड बघायचा असेल तर नागपूरचा अजब बंगला गाठ. 1863 पासूनचं ते संग्रहालय आहे, शिल्पांचं दालन आहे, आणि सौंसरहून सावनेरमार्गे बसनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं. तिथं जमलं की रामटेकला केवल-नरसिंहाच्या देवळात जा. पाचव्या शतकातली वाकाटकांच्या काळची मूर्ती, एक गुडघा वर घेऊन ऐसपैस बसलेला नरसिंह. अंग भरदार, बारकावे मोजके, वजन जमिनीत उतरलेलं. अभ्यासाला याच्याइतकी उदार मूर्ती आपल्या आसपास मला दुसरी दिसत नाही. रामटेकच्याच जवळच्या मनसरला 1972 मध्ये सापडलेला शिव आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लांबचे लोक तो बघायला दिल्लीला जातात, आणि तो आपल्या शेजारच्या मातीतला. एवढं तरी ठाऊक असू दे तुला.

आता घरचं. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न येणारच. वाद घालू नकोस, माहिती दे. नागपूरला सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे, खैरागडला संगीत आणि कलेचं विद्यापीठ आहे. आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला चित्रकला परकी नाही हेही सांग. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इंदूरला 1927 साली चित्रकलेची शाळा काढली. ना. श्री. बेंद्रे त्यांच्याच हाताखाली शिकले, मकबूल फिदा हुसेनही. मुलीचं काय, असं कुणी म्हणालं तर अंबिका धुरंधरांचं नाव घे. मुली जेमतेम शाळेत जायच्या त्या काळात त्या जे. जे.मधून शिकून चित्रकार झाल्या.

आणि तू म्हणशील, ताई, आता वय गेलं. कुणी सांगितलं? व्हॅन गॉग 1886 मध्ये अँटवर्पच्या अकादमीत प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून काढत बसला होता, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. सेझान तर म्हातारा होईपर्यंत लूव्रमधली तीच ती शिल्पं पुन्हा पुन्हा काढत राहिला, दर वेळी जागा बदलून. त्याचा प्लॅस्टरचा छोटा क्युपिड अजूनही फ्रान्समध्ये त्याच्या कामाच्या खोलीत ठेवलेला आहे. एकच मूर्ती पुरते गं, बघणारा पुरायला हवा.

वेळेचं काय करायचं ते तुझं तू ठरवशील, पण माझं म्हणणं, रोज अर्धा तास घे आणि तो एकाच वेळेला घे, म्हणजे खिडकीचा उजेड रोज त्याच बाजूनं मिळेल. संत्र्याच्या तोडीचे दिवस असतील, नाहीतर घरात पाहुणे असतील, तर नाही जमणार. जीव जाळू नकोस. दुसऱ्या दिवशी पाट, बैल आणि तुझं स्टूल जमिनीवर खडूनं खूण केलेल्या जागी परत मांड आणि राहिलेल्या सावलीपासून सुरू कर. एक चित्र चार-पाच बैठकांत पुरं झालं तरी चालेल. अभ्यासाची चित्रं तशीच होतात.

झालेलं प्रत्येक चित्र बटर पेपर लावून गादीखाली सपाट ठेव, गुंडाळी करू नकोस. मागच्या बाजूला तारीख आणि उजेड कुठल्या बाजूचा होता ते लिही. पहिली चित्रं फाडायची नाहीत, कितीही राग आला तरी. निवडायला बसू तेव्हा मला सगळी लागतील, बिघडलेली धरून. पुढच्या आठवड्यात ये घेऊन, आणि येताना कार्ट्रिज कागदाचे दोन-चार जादा ताव आण.